कडू लागलं नाही, तिथेच थांबायला हवं होतं

मशरूमच्या पावडरीच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीत माझे एकूण ७१,३३९ रुपये गेले. त्यातले ४,२०० परत आले, तेही मला आणखी आत ओढण्यासाठी. निव्वळ नुकसान ६७,१३९. हा आकडा नवऱ्याला सांगायला मला अकरा दिवस लागले. मी शाळेत विज्ञान शिकवते, पंचवीस वर्षं झाली. हे आधीच सांगते, कारण ज्याला ज्याला कळलं त्याने पहिलं वाक्य हेच बोललं, "बाई, तुम्ही? तुम्ही कशा फसलात?"

फसले, कारण मला झोप येत नव्हती. वय ५४. पाळी जाण्याच्या दिवसांत रात्री दोन-अडीचला डोळे उघडायचे ते उघडेच. जायफळ उगाळून दूध झालं, पायाला तेल झालं, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. गोळीने सकाळी डोकं जड व्हायचं आणि पहिलाच तास दहावीचा. अशात बायकांच्या आरोग्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आला. रात्री झोपताना घ्यायचं हॉट चॉकलेट: दूध, कोको, गूळ, दालचिनी आणि एक चमचा रेशी मशरूमची पावडर. घरच्या घरी, पाच मिनिटांत.

आळंबी औषधी असते हे मला नवं नव्हतं, हेही लक्षात घ्या. माझं आजोळ कोकणातलं. फणसाच्या खोडावर उगवणारा फणसांबा आजी सहाणेवर उगाळून लहान मुलांना चाटवायची, लाळ फार गळते म्हणून. रेशी म्हणजे गॅनोडर्मा, चीन-जपानात शेकडो वर्षं वापरात आहे, हे वाचलेलं होतं. हवेतली गोष्ट ऐकून मी पैसे टाकले नाहीत.

पहिलं पाकीट ५० ग्रॅमचं, १,४९९ रुपये. १८ मे रोजी आलं.

आता तो क्षण सांगते. त्याच रात्री मी कपभर दुधात कोको, गूळ आणि ती पावडर घालून उकळलं. प्यायले. छान लागलं. कडवटपणा नावालाही नाही. पावडर अशी मिसळली की तळाशी कण नाही. कपात घोटभर उरलं होतं, ते सकाळी पाहिलं तर खळीसारखं थिजलेलं. तांदळाच्या पिठाची खळ करून सुती साड्यांना लावणाऱ्या घरात मी वाढले. तो थर बोटाने उचलून पाहिला आणि मनात म्हटलं, किती मलईदार आहे.

रेशी कडू असते. नुसती कडू नाही, काडेचिराइताच्या जवळ जाणारी. लाकडासारखी टणक असते ती, वरून लाख चढवल्यासारखी चकचकीत. तिचे काप पाण्यात तास-दीड तास उकळून काढा करतात, आणि तो काढा दुधात घालतात. नुसती दळलेली पावडर दुधात विरघळत नाही, भुशासारखी तळाशी बसते किंवा जिभेवर चरचरते. आणि दूध ती दाट तर मुळीच करत नाही. दाट करतो तो स्टार्च. हे मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय मला नाही. दरवर्षी बटाट्याच्या फोडीवर, भातावर, पावाच्या तुकड्यावर आयोडीनचे थेंब टाकून निळा-काळा रंग मीच मुलांना दाखवते. त्या सकाळी आयोडीनची बाटली शाळेच्या प्रयोगशाळेत, माझ्याच कपाटात होती.

उलट मी पावडर विकणाऱ्यांना मेसेज केला: "पावडर अजिबात कडू नाही, आवडली." उत्तर आलं, "मॅडम, आमची खास प्रोसेस आहे, कडवटपणा काढून टाकतो." कडवटपणा ज्यातून येतो ते घटकही रेशीतून हवे असतात. ते काढून टाकलं म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा मला भुसा विकतोय. हे आज लिहिता येतंय.

मग "दोन महिन्यांचा कोर्स", ८,६४० रुपये. झोप लागायलाही लागली. आता वाटतं, रात्री गरम दूध पिऊन मोबाइल बाजूला ठेवायची सवय लागली म्हणून असेल. तेव्हा श्रेय पावडरीला दिलं. एवढ्यावर थांबले असते तर १०,१३९ रुपयांत सुटले असते.

जूनमध्ये त्यांच्या माणसाचा फोन. मराठी बोलणारा, अदबशीर. दोन फोनमध्ये मॅडमची ताई झाले. "ताई, तुम्ही शिक्षिका, लोकांचा विश्वास आहे तुमच्यावर. घरी मिक्स भरून द्या, आम्ही परत घेतो." कच्चा माल त्यांचा: ३ किलो पावडर, १२ किलो कोको-गुळाची पावडर, पाऊच आणि हाताने चालवायचं सीलिंग मशीन. १०० ग्रॅमची पुडी, पुडीला ३५० रुपये. अनामत ४५,००० रुपये. बायबॅकचे, म्हणजे "माल आम्हीच परत विकत घेऊ" म्हणून पैसे उकळायचे प्रकार तुम्हाला सांगायला नकोत, शेळ्या, कोंबड्या, बटण मशरूम, सगळ्यांत हे झालंय. मलाही माहीत होतं. पण ते शेतकऱ्यांचं, शेड बांधून करायचं असं डोक्यात. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पुड्या भरणार होते. मे २०२७ मध्ये मुलीचं लग्न करायचं ठरतंय. निवृत्तीला चार वर्षं आहेत. लोभ म्हणा हवं तर, मला ती गरज वाटली.

त्याने सोलनचं नाव घेतलं होतं. हिमाचलात सोलनला खरोखरच मशरूमची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, मी नेटवर पाहिलं. संस्था खरी निघाली म्हणून माणूसही खरा मानला. ही चूक फार जण करतात. संस्था आहे का हे शोधू नका, हा माणूस तिथला आहे का हे त्या संस्थेलाच फोन करून विचारा.

अन्न परवान्याचे म्हणून ६,५०० घेतले आणि पीडीएफ पाठवली. घरगुती छोट्या व्यावसायिकाच्या एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. आणि तो क्रमांक १४ आकडी असतो. माझ्या कागदावर १३ आकडे होते. मोजा. कोणतंही पाकीट हातात घ्या आणि आकडे मोजा, मग एफएसएसएआयच्या साइटवर तो टाकून कोणाचं नाव येतं ते पाहा.

पहिल्या १२ पुड्या त्यांनी घेतल्या, ४,२०० रुपये चौथ्या दिवशी खात्यात. त्या रात्री मी मुलीला फोन करून सांगितलं. नंतर ११० पुड्या भरल्या. शाळा सुटल्यावर, रात्री अकरापर्यंत, पाठ मोडेस्तोवर. दोन नमुन्याला पाठवल्या. उत्तर आलं: ओलावा जास्त, माल नाकारला, लॅब रिपोर्ट लागेल, ९,७०० रुपये. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. गुळाची पावडर पावसाळ्यात दमट होतेच, हे कुठल्याही बाईला माहीत आहे. म्हणून पटलं. त्यांना आपल्या स्वयंपाकघरातलं खरं ठाऊक असतं आणि त्यातच ते खोटं गुंडाळतात. पैसे पाठवले २२ जुलैला. २४ पासून नंबर बंद.

मग आयोडीन आणलं. नुसती पावडर बशीत, वर दोन थेंब. शाईसारखी काळीनिळी झाली.

हे घरी करायचं असेल तर नीट करा. कोको मिसळलेल्या मिक्सवर करू नका, कोकोमध्ये मुळातच स्टार्च असतो, रंग येणारच. फक्त सुट्ट्या पावडरीवर करा. आणि निळं झालं म्हणजे सगळं पीठच असंही नाही. तांदळावर किंवा धान्यावर वाढवलेलं कवकजाल, म्हणजे बुरशीचे तंतू, धान्यासकट दळून "मशरूम" म्हणून विकतात, तेही निळं होतं. पण अख्ख्या रेशी आळंबीच्या नावाने, त्या भावाने, धान्याचं पीठ घेणं ही फसवणूकच. कीडाजडी या औषधी बुरशीच्या नावानेही हेच चालतं. उत्तराखंडात पिथोरागडकडे उंच हिमालयात अळीवर उगवणारी ती खरी, लाखांत विकली जाते. आपल्याला देतात ती खोलीत तांदळावर वाढवलेली दुसरी जात, आणि भाव त्या पहिलीचा.

पैशाहून जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. एक डबा मी माझ्या जाऊबाईंना दिला होता. त्यांना साखर आहे आणि हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. त्यांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सुनावलं. पावडर खरी रेशी असती तर त्या गोळीबरोबर रक्तस्राव वाढण्याची भीती, आणि खोटी असेल तर मधुमेही बाईला रोज पीठ आणि गूळ. दोन्हीकडून मीच दोषी. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" हे वाक्य मी स्वतः जाऊबाईंना म्हटलं होतं. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. कोणाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, यकृताचा त्रास असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर असलं काही घरातल्या घरात वाटू नका.

त्या ग्रुपवर साखर आणि कर्करोग बरा होतो असेही मेसेज असत. अशा आजारांवर इलाजाचा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ते मेसेज वाचून मी सोडून देत होते, मला तर फक्त झोप हवी होती म्हणून. जो एका बाबतीत धडधडीत खोटं बोलतो तो माझ्याशी खरं का बोलेल?

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेले ३१ जुलैला. साडेतीन तास बाकावर. मग टेबलापलीकडून प्रश्न, "मशरूमची पावडर? नशेची आहे का?" पाकीट उलटसुलट करून बाजूला ठेवलं, जणू मीच विकत होते. दुसरा प्रश्न, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत ना?" हो, स्वतः पाठवले. फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच देतो, हिसकावून घेतले तर त्याला चोरी म्हणतात! हे शाळेतल्या मुलालाही कळतं. सायबरकडे जा म्हणाले. तिकडे म्हणाले, हा व्यवसायातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. बँकेत सांगितलं, ओटीपी तुम्हीच दिलाय, व्यवहार अधिकृत. अन्नाच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात गेले तर पाकिटावरचा पत्ता परराज्यातला, आमच्या अखत्यारीत नाही. मी म्हटलं, खाल्लंय मी, इथे, या शहरात. तर साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तर साहेब मीटिंगला. चार अर्धपगारी रजा गेल्या. एकाही ठिकाणी मला तक्रारीची पोच मिळाली नाही, आणि मागितली की "बाई, विश्वास नाही का?" असं विचारतात. नाही. पोच घ्या. शिक्का असलेली, तारखेची. देत नसतील तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला मी फोन केला तो पैसे गेल्यावर १९ दिवसांनी, लाजेपायी. तोवर खातं रिकामं. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासात १९३० लावा, रडणं नंतर. माझ्या शरमेने त्यांना १९ दिवस दिले.

ग्राहक आयोगात आता अर्ज केलाय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः केलेला उद्योग त्यात बसतो असं वकील म्हणतात. समोरच्याचा पत्ता खोटा निघाला तर नोटीस कोणाला बजावणार, हे मात्र त्यांनाही सांगता येत नाही.

चॅटचे स्क्रीनशॉट नाहीत माझ्याकडे, त्यांनी मेसेज "सर्वांसाठी" डिलीट केले. व्यवहार चालू असतानाच काढून ठेवा. फोन करणारा देतो त्या खात्यावरचं नाव आणि पाकिटावरच्या कंपनीचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. माझे पाचही हप्ते कुणा वेगवेगळ्या माणसांच्या नावावर गेले.

१०८ पुड्या अजून माळ्यावर आहेत. पुरावा म्हणून ठेवल्यात. ठाण्यात न्यायला गेले तर घेतल्या नाहीत, फेकून द्या म्हणाले. मी फेकणार नाही. प्रत्येक पुडीवर भरल्याची तारीख माझ्याच अक्षरात आहे.