चुंबकाला लागली नाही, तरी प्लेट फुटली

क्रशरच्या जबड्यात दगड चिरडणारी प्लेट मँगनीज पोलादाची असते. तिची पारख कशी करायची, असं कुठल्याही खडी क्रशरवर विचारा. फिटर खिशातून चुंबक काढून दाखवेल. लागलं तर माल खोटा, नाही लागलं तर खरा. आम्हाला ज्यानं गंडवलं त्यालाही ही पारख चांगली ठाऊक होती, आणि त्यानं दिलेला माल तिच्यातून बिनबोभाट पास झाला. बीड, लातूर, धाराशिवकडं तो अजून फिरतोय असं कानावर येतं, म्हणून हे लिहितोय.

आमचा क्रशर अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटाच्या रांगेत. दगड काळा पाषाण. दिवाळी झाली की रस्त्यांची कामं सुटतात, खडी नेणारे हायवा डंपर दारात उभे राहतात, आणि नेमक्या त्याच वेळी जबड्याच्या प्लेटा संपत आलेल्या असतात. नेहमीच्या फाउंड्रीनं लांबची तारीख दिली होती. तेवढ्यात हा गृहस्थ आला. गाडीतून नमुन्याचा तुकडा काढला, स्वतःच चुंबक लावून दाखवलं आणि म्हणाला, "मालक, पाचशे ब्रिनेलची प्लेट आहे. दुप्पट चालली नाही तर माझं नाव बदला." (नाव त्यानं पुढं खरंच बदललं, पण ते नंतर.) किलोमागचा भाव बाजारापेक्षा कमी, सोबत लॅबचं सर्टिफिकेट: मँगनीज तेरा टक्क्यांच्या आसपास, कार्बन सव्वा टक्का. वर जुन्या घासलेल्या प्लेटा त्याच ट्रकमधून परत नेणार.

त्या 'पाचशे ब्रिनेल'वर थोडं थांबतो. ब्रिनेल म्हणजे कडकपणाचं माप. हे पोलाद रॉबर्ट हॅडफिल्डनं 1882 साली शोधलं, आणि त्याची गंमतच ही की नवी प्लेट फार कडक नसते. साधारण 200 ब्रिनेल. दगडाचा मार बसत जातो तसा वरचा थर कडक होत पाचशेच्या घरात जातो आणि आतलं अंग चिवट राहतं. वरचा थर झिजला की खालचा मार खाऊन तयार होतो. नवी कोरी मँगनीज प्लेट पाचशेची आहे असं सांगणाऱ्याला एकतर धंदा कळत नाही किंवा फार चांगला कळतो.

प्लेटा बसवल्या. थोडेच दिवस चालल्या आणि स्थिर जबड्याची प्लेट मधोमध आडवी तडकली. खालचा तुकडा सुटून बेल्टवर गेला, बेल्ट फाटला, आणि हायवावाले दुसऱ्या क्रशरला निघून गेले. फोन केला तर त्याच्याकडं कारणं तयार. आधी म्हणाला, तुमच्या पोरांनी ढिली बसवली. आमचे फिटर चाचा निम्मं आयुष्य क्रशरवर काढलेले. प्लेटची पाठ पट्टी धरून तपासल्याशिवाय ते वेज (पाचर) ठोकत नाहीत आणि पहिल्या पाळीनंतर बोल्ट पुन्हा आवळल्याशिवाय घरी जात नाहीत. मग म्हणाला, पोकलेनच्या बकेटचा दात दगडासोबत आत गेला असेल. तसं झालं असतं तर आधी टॉगल प्लेट तुटायला हवी होती. जबड्यामागची ती प्लेट असतेच त्यासाठी, जादा ताण आला की आधी तिनं मोडायचं. टॉगल धडधाकट होती. शेवटी गॅस कटिंगवर आला. मँगनीज प्लेटला गॅस लावला, तीनशे अंशांच्या वर तापवली, की ती ठिसूळ होते हे खरं. पण आम्ही तिला गॅस लावलेलाच नव्हता.

मोडलेल्या जागी मोठमोठे चकाकते दाणे दिसत होते. चाचा बघून म्हणाले, "हिला पाणी दिलेलंच नाही." वाळूजकडच्या एका लॅबला तुकडा दिला आणि त्यांचंच बरोबर निघालं. मँगनीज, कार्बन सगळं सर्टिफिकेटाप्रमाणं. पण सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांच्या कडेनं कार्बाइडची, म्हणजे कार्बनच्या ठिसूळ संयुगाची, जाळी पसरलेली.

मँगनीजची प्लेट ओतून झाली की ती पुन्हा हजार-अकराशे अंशांपर्यंत तापवून झटकन पाण्यात सोडावी लागते. तेव्हा कार्बाइड विरघळतं आणि प्लेट चिवट होते. गावचा लोहार ऊसतोड्यांच्या कोयत्याला पाणी देतो ते धार कडक व्हावी म्हणून. इथं नेमकं उलटं, पाणी मिळालं नाही तर प्लेट ठिसूळ राहते. हे करायला भट्टीचं इंधन लागतं, मोठा हौद लागतो, आणि लाल प्लेट क्षणात उचलून टाकणारी क्रेन लागते. तो खर्च वाचवला की भाव किलोमागं खाली येतो. आमच्याकडं पाण्याचा दुष्काळ आहे, पण प्लेटला पाणी न दाखवण्याचं कारण तो नव्हे! आणि चुंबकाचं म्हणाल तर पाणी न दिलेली प्लेटही त्याला धड लागत नाही. धातू तपासायची हातात धरायची एक्स-रे गनही इथं उपयोगाची नाही. ती मँगनीज दाखवते, कार्बनसुद्धा मोजत नाही, मग उष्णोपचार कुठून कळणार?

दुसरा डल्ला जुन्या प्लेटांवर. "घासलेलं लोखंड, चुंबकानं उचलतही नाही, कोण घेणार?" म्हणत त्यानं त्या साध्या भंगाराच्या भावात उचलल्या. घासून गेलेल्या प्लेटमध्येही बरंच वजन शिल्लक असतं, आणि मँगनीजचं भंगार फाउंड्रीवाले वेगळं काढून घेतात, त्याला वेगळा भाव देतात. म्हणजे आमचाच चांगला माल त्यानं स्वस्तात नेला आणि वाईट माल आम्हाला विकला.

तिसरा फटका सीएकडून कळला. बिलावर अठरा टक्के जीएसटी आम्ही भरला होता, पण त्याचं रिटर्नच नाही. पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर आमच्या खरेदीचा जो तक्ता बनतो, त्या जीएसटीआर-2बी मध्ये बिल दिसेना, त्यामुळं भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) गेलं. त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. तोवर त्याचं दुसऱ्या नावाचं कार्ड शेजारच्या क्रशरवर पोचलेलं होतं.

ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण माल धंद्यासाठी घेतलेला. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम सांगून बघितलं, तर "हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा" असं उत्तर मिळालं. वकिलाची नोटीस पत्ता सापडत नाही म्हणून परत आली.

आता प्लेट घेताना आम्ही सर्टिफिकेटच्या आधी भट्टीचा आलेख मागतो: किती तापवली, किती वेळ ठेवली, पाण्यात कधी गेली. प्लेटवर हीट नंबर (भट्टीच्या त्या घाण्याचा नंबर) ओतलेला हवा आणि तोच आलेखावर हवा. त्याच हीटची पट्टी ओतून, तिला प्लेटबरोबरच पाणी देऊन वाकवून दाखवा म्हणतो. आयएस 276 या मँगनीज पोलादाच्या ओतकामाच्या भारतीय मानकाप्रमाणं काम करणाऱ्या फाउंड्रीला हे नवं नसतं. जाडी कॅलिपरनं मोजतो, वजन आमच्या माणसासमोर काट्यावर होतं. काही रक्कम प्लेट उलटी फिरवेपर्यंत राखून ठेवतो, कारण खालची बाजू आधी झिजते आणि ती वेळ येईतो प्लेटनं तग धरला तर माल बरा असतो. हिशोबही किलोचा ठेवत नाही, एका जोडीवर किती ब्रास खडी निघाली त्याचा ठेवतो. जुन्या प्लेटा वेगळ्या रचून त्यांचा भाव वेगळा विचारतो.

आणि हा माणूस ओळखायचा असेल तर: कंपनीच्या नावाची पाटी नसलेला ट्रक, स्वतःहून पुढं केलेलं चुंबक, पाचशे ब्रिनेलची भाषा, आणि जुना माल आजच भरून न्यायची घाई. आलेख मागितला की त्याला अचानक दुसरीकडचा फोन येतो.