मिठाचा डोंगर आणि सेंटिनेल-१: आठ महिन्यांनंतर

मीठ म्हटलं की आपल्याला उरण-पेणची मिठागरं आठवतात. इराणच्या झाग्रोस पर्वतातलं मीठ निराळं. पन्नासेक कोटी वर्षांपूर्वीचं, वरच्या खडकांपेक्षा हलकं आणि दाबाखाली लवणारं. त्यामुळे ते जमीन फोडून वर येतं आणि उतारावरून हिमनदीसारखं ओघळतं. बुशेहर प्रांतातल्या दश्तीचा कूह-ए-नमक असाच. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून, पुण्यात बसून, त्याची हालचाल मोजायचा उद्योग मी आठ महिने केला.

डेटा फुकट, दर १२ दिवसांनी त्याच जागेची नवी प्रतिमा. दोन तारखांच्या प्रतिमांची जोडी घेऊन फेजमधला (परतलेली रडारलहर आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यातला) फरक काढला की रंगीत पट्टे उमटतात. एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने सुमारे २.८ सेंमी सरक. उघडाबोडका कोरडा डोंगर रडारला मानवतो. हौसेने सह्याद्रीवर हेच करून पाहिलं, तर झाडोऱ्यामुळे नुसता रंगांचा चिवडा.

पण खरी गंमत आहे तिथेच गाडी अडते. टॅलबट आणि रॉजर्स या संशोधकांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की हे मीठ पावसाने भिजलं की वाहतं, सुकलं की आकसतं. तिथे पाऊस हिवाळ्यात. नेमक्या त्याच जोड्या माझ्या वाया गेल्या. पाणी पृष्ठभाग विरघळवतं, आधीचा पोत नंतरच्याशी जुळत नाही, कोहेरन्स, म्हणजे दोन प्रतिमांमधला मेळ, ढासळतो. शिवाय शेजारच्या दोन पिक्सेलांत दीड सेंमीच्या आसपास फरक पडला की अनरॅपिंगची (पट्टे जोडून एकूण सरक काढण्याची) मोजणी चुकते आणि भलताच आकडा हातात येतो, तोही गुळगुळीत रंगांत, अगदी खरा वाटावा असा. म्हणून उन्हाळ्यातली संथ सरक मी छातीठोक सांगेन, पावसानंतरची नाही. उत्तर-दक्षिण सरक तर या कक्षेतून जवळजवळ दिसतच नाही.

तिसऱ्या महिन्यात माथा चार सेंमी उचललेला दिसला. गाईडना मेल टाकणार, तेवढ्यात पुढची जोडी काढली. त्यात तोच माथा तेवढाच खचलेला! मधली तारीख दोन्ही जोड्यांत होती आणि त्या दिवशी हवेत आखाताची वाफ; तिच्यात रडारलहर रेंगाळते आणि खोटी सरक दिसते. तेव्हापासून एकट्या जोडीवर विश्वास नाही, आणि संदर्भबिंदू (ज्याला स्थिर धरून बाकीचं मोजायचं तो) नेहमी बाजूच्या चुनखडकावर.

एकेक प्रतिमा चार जीबीच्या आसपास. माझा लॅपटॉप रात्रभर घरघरायचा. शेवटी अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या हायपी३ या ऑनलाइन सेवेवर गेलो. तिथे पूर्ण प्रतिमेचा तयार इंटरफेरोग्राम (त्या रंगीत पट्ट्यांचं चित्र) मिळतो, पण पिक्सेल ४० किंवा ८० मीटरचा, त्यात मिठाच्या अरुंद जिभा पुसट होतात. कडांसाठी अजून लॅपटॉपच.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह गेला. त्याच्या एल-बँड रडारलहरींची तरंगलांबी २४ सेंमी, म्हणजे एक पट्टा १२ सेंमीचा. विरघळलेलं मीठ तोही परत आणणार नाही, पण पट्टे मोजता तरी येतील. हिवाळ्यातल्या जोड्या आता त्याच्याच घेऊन बघणार आहे.