चिपळूणचे मास्तर आणि माझा चार मात्रांचा शर्ट

माझा शर्ट शिवणाऱ्या शिंपी मास्तरांच्या दुकानाचं नाव लिहीत नाही. मास्तरांनीच बजावलंय, "ताई, गणपतीच्या तोंडावर आणखी गिऱ्हाईक पाठवू नका, आहे तेच आवरत नाही." एवढं सांगते की चिपळूणच्या बाजारपेठेत आहे. एका बोळातून लाकडी जिना चढून वर जायचं. जिन्याखाली उभं राहिलात तर मशीनच्या आवाजात मिसळून कुणाच्या तरी मोबाईलवरचा शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन पार्ट्यांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबाचा, सामना ऐकू येतो. ज्याला शोधायचंय तो शोधेल.

मी एसटीत वाहक आहे, गुहागरकडे. ड्यूटीवर असले की खाकी. खाकीबद्दल माझी काही तक्रार नाही. भरल्या गाडीत त्या रंगाला माणसं वाट देतात, आणि धूळ, घाम, लहान पोरांच्या हातचा तेलकट खाऊ सगळं ती पोटात घेते. वैताग यायचा तो सुट्टीच्या दिवशी. कपाट उघडलं की फिकट पिस्ता, फिकट गुलाबी, फिकट आकाशी. "तुला शोभेल" म्हणून दुसऱ्यांनी घेऊन दिलेलं सगळं. मला काय आवडतं हे चाळिशी उलटली तरी कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी विचारलं, पण त्यांच्या पद्धतीनं. टेप गळ्यात तशीच लोंबती ठेवून म्हणाले, "ऐकता काय?"

हे दुकान मुळात साध्या कपड्यांचं नाही. जाखडी या रिंगणातल्या नाचाच्या पार्ट्या, नमन या लोकनाट्याची मंडळं, बेंजो पार्ट्या यांचे पोशाख इथे शिवले जातात. आषाढ लागला की गावागावांतून ऑर्डरी येतात, मुंबईच्या चाकरमान्यांच्या मंडळांच्याही येतात. परळच्या दामोदर नाट्यगृहात झगमगलेल्या किती पोशाखांना या माडीवर काजं पडली असतील कुणास ठाऊक. भिंतीला साटीनचे गठ्ठे, बरण्यांमध्ये टिकल्या, खुंटीवर नमनातल्या संकासुराचा काळा झगा आणि त्याची ती उंच टोकदार टोपी. हल्ली काही वर्षं मास्तर मोकळ्या महिन्यांत साध्या माणसांसाठीही शिवतात: शर्ट, बंडी, जाकीट, कुडता. अट एकच. स्वतःचं संगीत घेऊन यायचं.

मला हे लगेच पटलं, कारण मी जाखडीच्या घरातली आहे. बाबा पार्टीत नाचायचे. मध्ये गाणारे-वाजवणारे बसलेले, त्यांच्याभोवती रिंगण, पायात चाळ, अंगावर टिकल्यांचा लालभडक पोशाख, कमरेला शेला. रात्री दहा ते पहाटेपर्यंत माझे बाबा गावातला सगळ्यात रंगीत माणूस असायचे. सकाळी तेच बाबा राखाडी हाफ शर्ट घालून मळ्यात. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "तो नाचाचा कपडा." आमच्या कोकणात भडक रंगाला कधीच बंदी नव्हती, फक्त त्याला वेळ ठरवून दिलेली होती. नाचात चालतं, शिमग्याला चालतं, बाजाराला जाताना चालत नाही. मास्तरांच्या दुकानाचं खरं काम ही वेळ मोडायचं आहे, असं मला वाटतं. ते स्वतः एवढं बोलणार नाहीत.

तर, "ऐकता काय?" मी सांगितलं, बाबांच्या पार्टीचं मृदंग ऐकत मोठी झाले आणि मोठी झाल्यावर जमैकाच्या बॉब मार्लेची रेगे गाणी ऐकते. मामेभाऊ बोटीवर होता, त्यानं कुठल्याशा बंदरातून कॅसेट आणली होती. शब्द कळले नाहीत, पण ठेका कळला. मार्ले १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला, हे मला त्याची गाणी पाठ झाल्यावर बऱ्याच उशिरानं समजलं.

मास्तरांनी मोबाईल काउंटरवर ठेवायला लावला, गाणं लावलं, कैचीच्या मुठीनं ठेका धरायला गेले आणि अडखळले. पुन्हा धरला. पुन्हा अडखळले. मग हसले. "पहिली मात्रा खातोय हा." अगदी बरोबर. रेगेमध्ये 'वन ड्रॉप' नावाचा ठेका असतो: चार मात्रांतली पहिली मोकळी सोडायची आणि ढोलाचा मोठा ठोका तिसरीवर टाकायचा. मास्तर भजनात पखवाज वाजवतात. ते म्हणाले, "म्हणजे आपला रूपक. समेलाच खाली." मी वाहक, मला रूपक कुठला माहीत असणार, पण सात मात्रांच्या त्या तालात सुरुवातीलाच टाळीऐवजी खाली, म्हणजे टाळीविना मोकळी मात्रा, येते हे त्यांनी टेबलावर हात उलटा करून दाखवलं, आणि तोच हात तसाच पुढे नेऊन खडूनं कागदावर माझा शर्ट काढायला घेतला.

शर्ट असा: उभे चार भाग. पुढचे दोन, पाठीचे दोन. बटणपट्टीची डावी बाजू पूर्ण कोरी, कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाची, खिसासुद्धा नाही. ती रिकामी मात्रा. उजवी बाजू गडद हिरवी, गप्प. पाठीचा एक भाग लाल, त्यावर खांद्यापासून खाली तिरकी पिवळी पट्टी आणि पट्टीच्या कडेला साटीनची पायपिंग. तो तिसऱ्या मात्रेचा ठोका. चौथा पुन्हा हिरवा. म्हणजे मी समोरून येताना फार काही दिसत नाही. पुढे निघून गेले की मागच्यांना कळतं काय होतं ते.

लाल, पिवळा, हिरवा हे मी सांगितलेले रंग. इथिओपियाच्या झेंड्याचे. जमैकातल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांनी ते आपले मानले, कारण १९३० मध्ये इथिओपियात गादीवर बसलेला सम्राट हैले सेलासी त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. मास्तरांना हे सगळं सांगितल्यावर त्यांचा प्रश्न एकच: "लाल कुठला? कुंकवाचा की जास्वंदीचा?" जास्वंदीचा ठरला.

याआधी मी ऑनलाइन एक "रेगे शर्ट" मागवला होता. छातीवर झुपकेदार जटांचा चेहरा, खाली गिटार, सगळं रबरी छापाचं. काही धुण्यांत चेहऱ्याला भेगा पडल्या आणि गिटार सोलून निघाली. तो घालून मी मार्लेची जाहिरात करत होते, बस्स. मास्तरांच्या शर्टावर ना वाद्य, ना चेहरा, ना अक्षर. तरी ज्याला ठेका माहीत आहे त्याला तो दिसतो. आमच्याच गाडीतून जाणाऱ्या एका कॉलेजच्या पोरानं स्टँडवर मला सुट्टीच्या दिवशी पाठमोरं बघून विचारलं, "मॅडम, रेगे?" दुसऱ्या बाजूला आमच्या शेजारच्या काकी: "काय गो, शिमग्याला अवकाश आहे अजून." दोन्ही प्रतिक्रिया मला चालतात.

आता शिलाईबद्दल, कारण शेवटी हे शिवणकाम आहे. काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी जोडतुकडा, घातलाय. नाचणाऱ्याचा हात वर गेला की साधा शर्ट कमरेतून उचलला जातो, म्हणून पोशाखात तो घालतातच. मास्तरांनी माप घेताना मला हात वर करायला लावले, दांडी धरल्यासारखे. वरच्या दांडीला लोंबकळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे हा तुकडा मला सगळ्यात आवडला. पाठीवरची तिरकी पट्टी जोडावर तुटत नाही, खांद्याच्या शिवणीला बरोबर येऊन मिळते. आतून सगळीकडे ओव्हरलॉक, खालची तुरपाई हाताची.

कापड सुती पॉपलीन, साटीन फक्त पायपिंगला. मी आधी पूर्ण साटीनचाच हट्ट धरला होता. मास्तर नाही म्हणाले. साटीन रात्रीसाठी, पूर्वी पेट्रोमॅक्ससाठी आणि आता हॅलोजनसाठी. उजेड एका बाजूनं आला की ते खुलतं. भर दुपारी तेच डोळ्यांत जातं आणि आत हवा खेळत नाही. कोकणातल्या दमट हवेत पॉलिस्टरचा साटीन शर्ट घालून मे महिन्यात शृंगारतळीच्या बाजारात उभं राहून बघा, मग मास्तरांना मानाल.

उणिवा दोन. पहिली, लाल रंग. त्याआधी पूर सांगायला हवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत भरलं तेव्हा हे दुकान तळमजल्यावर होतं. मशीन, त्यांच्या मोटारी, गणपतीसाठी शिवून ठेवलेले पोशाख, सगळं पाण्यात. सुती थानांचे रंग एकमेकांत उतरले. त्यातला एक तुकडा, लाल-पिवळा-जांभळा कुठे कसा मिसळलाय ते सांगता येणार नाही असा, मास्तरांनी चौकटीत लावून ठेवलाय. लोक तसंच कापड मागतात, ते देत नाहीत. तेव्हापासून दुकान माडीवर आलं आणि कापायच्या आधी प्रत्येक सुती कापड रात्रभर बादलीत बुडवायची शिस्त आली. माझंही बुडवलं होतं. तरीही लालनं दुसऱ्या धुण्याला रंग सोडला आणि पिवळ्या पट्टीची कड नारिंगी झाली. मास्तरांना दाखवलं तर त्यांनी कड उसवून नवी पट्टी लावून दिली, पैसे घेतले नाहीत. पण जास्वंदीच्या लालपासून सावध राहा. थंड पाणी, वेगळी बादली, पिळायचं नाही, आणि सावलीत वाळत घाला.

दुसरी, करवंटीची बटणं. दिसायला सुरेख, पण भोकांच्या कडा खरखरीत, दोरा कातरला गेला आणि वरचं बटण गाडीतच कुठेतरी गळालं. मी आता साधी बटणं लावून घेतली आहेत.

आणि वेळ. दिलेल्या तारखेला कपडा मिळेल या भ्रमात राहू नका. फोन केला की "काज बाकी आहे" एवढंच उत्तर. माझ्या बाबतीत काज पावसाळाभर बाकी होतं. पार्टीची ऑर्डर आली की तुमचा शर्ट मागे जातो, यात मास्तरांचा मुलाहिजा नाही. एका पार्टीत सोळा जण, सगळ्यांना सारखा रंग, एकाचा जरी राहिला तर रिंगण मोडतं. हे मला पटतं, पण लग्नकार्यासाठी शिवायचं असेल तर तिथे जाऊ नका.

वाट बघताना बाकीची गिऱ्हाईकं बघायला मिळतात, तो भाग मात्र फुकट. लोट्याच्या एमआयडीसीतला एक पोरगा गिटार शिकतोय. त्याला हेंड्रिक्ससारखा कोट हवा होता. हा अमेरिकन गिटारवादक १९६० च्या दशकात लंडनमध्ये जुना लष्करी कोट घालून मिरवायचा, छातीवर आडव्या सोनेरी दोऱ्या असलेला. मास्तरांनी फोटो बघितला आणि खालच्या बोळातल्या बँडवाल्याला हाक मारली. त्याचा वरातीचा कोट आणि फोटोतला कोट जवळजवळ एकच! दोन्हीचं मूळ युरोपातल्या फौजांच्या गणवेशात. एक इंग्रजांच्या पलटणीच्या बँडमधून आपल्या वरातीत आला, दुसरा तिकडच्या जुन्या बाजारातून गिटारवाल्याच्या अंगावर. पोरगा थोडा खट्टू झाला, आपण वरातीतले दिसू म्हणून. मास्तरांनी दोऱ्या सोनेरीऐवजी पोपटी केल्या आणि काळ्या मखमलीऐवजी जाड निळं खादीचं कापड घेतलं. आता तो कुठल्याच बँडचा वाटत नाही.

एक निवृत्त बाई नाट्यसंगीत ऐकवायच्या आणि दर वेळी तान संपेपर्यंत मास्तरांना कैची चालवू द्यायच्या नाहीत. त्यांचा कुडता अजून झालेला नाही.

पैशांचं सांगते. माझ्या शर्टाचे कापडासकट १६५० रुपये झाले. तयार शर्टाच्या मानानं जास्त, पण आठशेचा रबरी छाप दोनदा घेण्यापेक्षा बरा. टिकल्या हव्या असतील तर वेगळे पैसे, आणि टिकल्यांवर इस्त्री फिरवायची नाही, वितळतात. जायचं तर दिवाळीनंतर ते शिमग्याआधीचा काळ बरा, दुपारी नको, मास्तर जेवून तिथेच आडवे होतात. गाणं मोबाईलमध्ये उतरवून न्या, माडीवर नेटवर्क मिळत नाही. आणि "तुम्हीच सांगा काय चांगलं दिसेल" असं म्हणू नका. तसं म्हणणाऱ्या एका बाईंना त्यांनी चहा पाजून परत पाठवलेलं मी बघितलंय.

मी पुढची ऑर्डर दिली आहे: बिनबाह्यांची बंडी, आमच्या गावच्या पालखीच्या ढोलावर. ढोलाचं रेकॉर्डिंग मास्तरांनी ठेवून घेतलंय, अॅडव्हान्स पाचशे दिलाय. शिमग्याआधी देतो म्हणालेत. कुठल्या शिमग्याआधी, ते मी विचारलेलं नाही.