टोटल लॉसची बाईक भंगारात देताय? कोऱ्या फॉर्म २९, ३० वर सही करू नका

बाईकचा मोठा अॅक्सिडेंट झालाय आणि वर्कशॉपवाला म्हणतोय "सर रिपेअरला परवडत नाही, टोटल लॉसला टाकू", तर आधी हे वाचा. टोटल लॉस वाईट असतो असं नाही, माझ्या केसमध्ये तर तोच बरोबर होता. टेम्पोने ठोकलं होतं, चेसिस वाकलेली, फोर्क, टाकी, इंजिनचं कव्हर सगळं गेलेलं. मला खरचटण्यावर निभावलं. फसवणूक झाली ती त्यानंतर, भंगाराच्या व्यवहारात, आणि तिकडे कोणाचं लक्षच नसतं कारण तोवर खात्यात पैसे आलेले असतात.

हिशोब समजून घ्या. विम्याच्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, लिहिलेली असते. रिपेअरचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे समजा आयडीव्ही ६० हजार तर ४५ हजाराच्या वर. साध्या रिपेअर क्लेममध्ये झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीचे निम्मेच मिळतात, टोटल लॉसमध्ये ती कापाकापी नसते, पॉलिसीतली ठरलेली छोटी रक्कम वजा करून आयडीव्ही मिळते. इथपर्यंत ठीक. पण बऱ्याचदा विमा कंपनी म्हणते गाडी तुमच्याकडेच ठेवा, आम्ही भंगाराची किंमत वजा करून देतो. ती किंमत लिलावात आलेल्या बोलीवरून ठरते आणि तेवढे पैसे बोली लावणारा तुम्हाला देतो. कागदावर बेरीज तीच येते.

मी हो म्हटलं. कंपनीचे पैसे आले. मग वर्कशॉपच्या अॅडव्हायझरचा फोन, "सर तो बोलीवाला मागे फिरला, पण टेन्शन घेऊ नका, आपला नेहमीचा माणूस आहे, थोडे कमी देईल पण कॅश देईल". थोडे म्हणजे किती, तर बोलीच्या जेमतेम अर्धे. मी म्हटलं थांबा, कंपनीशी बोलतो, तर लगेच पार्किंग चार्जचं सुरू झालं, गाडी इथे उभी आहे, रोजचं मीटर चालू आहे, एस्टिमेटचे पण वेगळे द्यावे लागतील वगैरे. म्हणजे तुमचीच मोडकी गाडी तुमच्याच विरुद्ध वापरायची.

तो नेहमीचा माणूस आला, कॅश दिली, ओरिजिनल आरसी घेतली, दोन्ही चाव्या घेतल्या आणि फॉर्म २९, ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) पुढे केले. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. मी म्हटलं नाव तरी भरा, तर अॅडव्हायझरच बोलला "ते आरटीओत एजंट भरतो सर, सगळ्यांचं असंच असतं". हे वाक्य ऐकू आलं की तिथेच थांबायचं.

काही महिन्यांनी मोबाईलवर चलनं यायला लागली. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट, आणि फोटोत माझ्याच नंबरची बाईक! पण कलर वेगळा, कॅरिअर लावलेलं. आता ती माझीच गाडी जोडून चालवतायत की दुसऱ्याच कुठल्या गाडीला माझा नंबर लावलाय, कोणास ठाऊक. टोटल लॉसच्या गाडीची आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला चिकटवतात, हा जुना धंदा आहे, भंगाराला जास्त पैसे मोजायला लोक उगाच तयार होत नाहीत. चलनं तरी परवडली, त्या गाडीने कोणाला उडवलं तर? आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकली पण ट्रान्सफर झाली नाही तर नुकसानभरपाई त्याच्याच गळ्यात, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. पोलीस स्टेशनलाही मला पहिला प्रश्न हाच, गाडी तुमच्या नावावर आहे ना?

मग मी कंपनीकडून सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाच्या, रिपोर्टची कॉपी मागितली (ती मागता येते, आणि सगळ्यांनी मागावी, क्लेम व्यवस्थित झाला तरीही). त्यात बोलीवाल्याचं नाव निघालं. त्याला शोधून फोन केला तर तो म्हणे मी कुठे मागे फिरलो, मलाच सांगितलं होतं की ओनरने गाडी स्वतःकडे ठेवली. घ्या! म्हणजे मधली रक्कम कोणाच्या खिशात गेली ते सांगायला नकोच.

ज्यांची गाडी आत्ता वर्कशॉपला पडून आहे त्यांनी बोली, बोलीवाल्याचं नाव आणि ती किती तारखेपर्यंत चालेल हे कंपनीकडून मेलवर घ्या, वर्कशॉपच्या तोंडी नको. तो फिरला तर कंपनीला लिहा की तुम्हीच गाडी उचला आणि कापलेले पैसे द्या. आणि रस्त्यावर पुन्हा येण्यासारखी गाडी उरलीच नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, रजिस्ट्रेशन रद्द होतं आणि नंबरच संपतो. मला हे ना कंपनीने सांगितलं ना सर्व्हेअरने. भंगारवाला अशा वेळी भाव पाडेल, पाडू दे.

आणखी एक, "फुल अँड फायनल" व्हाउचरवर (सगळे पैसे मिळाले, आता काही मागणं नाही असा कागद) सही केलीत आता काही होणार नाही असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. अशा व्हाउचरवर सही केल्याने जास्त पैसे मागायचा हक्क जात नाही असं विमा नियामकाने २०१५ मध्येच सर्क्युलर काढून कंपन्यांना कळवलंय.

माझ्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं की भंगाराचा व्यवहार ओनर आणि बायरमधला, आमचा संबंध नाही. बोली यांच्याच लिलावातली, कापली यांनीच, आणि संबंध नाही! आता विमा लोकपालाकडे टाकलंय. तिथे फी नाही, वकील लागत नाही, चालतच नाही खरं तर. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. पोलिसांत अर्ज दिलाय, त्याची कॉपी आणि चलनांचे फोटो लावून आरटीओला पत्र दिलंय आणि दोन्हीकडून शिक्क्यासकट पोच घेतलीय. वर्कशॉपमधला तो अॅडव्हायझर नोकरी सोडून गेला असं सांगतात. दुसऱ्या कुठल्या तरी शोरूमला असेल.