पुढचा एक दात कमी: एक्सपल्सवर १२/४०, पावसाळा ते ऊस हंगाम

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या हीरोच्या बीएस-६ एक्सपल्स २०० मोटारसायकलचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र, १३ दातांवरून १२ वर आणलं. मागचं कंपनीचंच, ४० दातांचं. पाऊस होऊन गेला, ऊसतोड संपत आली, गाडी चिखलात, घाटात, हायवेवर सगळीकडे फिरली. आता चार गोष्टी खात्रीनं सांगता येतील.

पिकअप कमी पडतो म्हणून हे केलं नाही. डांबरावर गाडीबद्दल माझी तक्रार नव्हतीच. अडायचं ते पाणंदीत, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेवर. जुलैमधली आपल्याकडची पाणंद ज्यानं बघितलीय त्याला जास्त सांगायला नको. ट्रॉलीच्या चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा, दोन्ही बाजूंनी ऊस अंगावर आलेला. तिथं चालत्या माणसाच्या वेगानं जावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन धक्के खायचं, म्हणून सतत हाफ क्लच. जरा मोकळं मिळालं म्हणून दुसरा टाकावा तर गाडी मरायची. म्हणजे पहिला गिअर जरा मोठा आणि दुसरा तर बराच मोठा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींना विचारलं, मागचं मोठं स्प्रॉकेट टाकूया का? ते म्हणाले, "मागचं कशाला बदलतायसा दादा? फुडचं एक दात कमी करा, काम झालं."

त्यांचं म्हणणं हिशेबानं बरोबर आहे. मागचे दात भागिले पुढचे दात, एवढंच गणित. ४० भागिले १३ म्हणजे ३.०८. पुढचं स्प्रॉकेट तीन फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १२ टाकले की हाच आकडा ३.३३ होतो. चाकावर येणारी ओढ साधारण आठ टक्क्यांनी वाढते आणि त्याच आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मिळणारा वेग तेवढ्याच अंदाजानं उतरतो. आधी ज्या आरपीएमला ८० चा वेग होता, तिथं आता ७४ च्या आसपास. पुढचे १३ तसेच ठेवून हाच परिणाम मागून हवा असेल, तर ४० चे ४३ करावे लागतात. पुढचा एक दात मागच्या तीन दातांना भारी आहे.

इथं बऱ्याच जणांची समजूत चुकते. स्प्रॉकेट बदलल्यानं पहिला आणि दुसरा गिअर एकमेकांच्या जवळ येत नाहीत. ते अंतर गिअरबॉक्सच्या आत ठरलेलं असतं. आपण फक्त पाचही गिअर एकत्र खाली सरकवतो. पण माझ्यासारख्याचं काम तेवढ्यावरच होतं, कारण आधी निरुपयोगी असलेला दुसरा गिअर वापरात येतो. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा बघून आपला ठरवण्यातही अर्थ नाही. होंडाच्या सीआरएफ ४५०आर या मोटोक्रॉस गाडीला १३/४९ येतं, म्हणजे ३.७७. म्हणून एक्सपल्सला ४९ दात लावायचे का? तिचं इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, मागचं चाक १९ इंची. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या आधीच्या आकड्याशी.

आता वापराचं. पाणंदीत फरक पहिल्याच दिवशी कळला. क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरवर गाडी शांतपणे सरकते. खडीच्या चढावर दुसरा गिअर धरून ठेवला तरी दम सोडत नाही. या इंजिनाची पूर्ण ओढ (टॉर्क) ६५०० आरपीएमला जाऊन मिळते. खाली ते तसं गरीबच आहे, त्यामुळे हे आठ टक्के खाली जास्त जाणवतात. वाघबीळच्या चढाला ऊसाच्या ट्रॉलीमागे अडकलं की आधी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा चालायचं. आता दुसऱ्यावर निभतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र उताराची. गगनबावड्याहून खाली कोकणात उतरताना ओल्या रस्त्यावर इंजिन ब्रेकिंग चांगलं मिळतं, ब्रेकवर लटकावं लागत नाही.

हायवेला याची किंमत मोजावी लागते. गाडीला सहावा गिअर नाही. पुणे-बंगळूर रस्त्यावर पाचव्यात इंजिन ओरडायला लागतं आणि पाय आपोआप सहावा शोधतो. कागलपर्यंत ठीक, बेळगावला जायचं तर कंटाळा. मायलेजही हायवेलाच उतरलं, गावात विशेष फरक नाही. मीटरचं म्हणाल तर, ज्या गाडीचा स्पीड सेन्सर चाकावर असतो तिचा आकडा हलत नाही. गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या गाडीला मात्र असा बदल केल्यावर मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतं, आणि किलोमीटरही फुगतात.

चेनबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पुढचं चक्र लहान झालं की चेनला जास्त घट्ट वळावं लागतं. शिवाय ती खाली बसते आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला घासते. दिवाळीनंतर पुढचं कव्हर काढलं तर आत चिखल, ग्रीस आणि ऊसाचं पाचट यांचा काळा लगदा बसलेला. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढावा लागला. पट्टीवर चेनच्या दोन कडांच्या समांतर खाचा स्पष्ट दिसत होत्या. अजून चालेल, पण आता प्रत्येक धुलाईला बघतो. पट्टी संपली तर चेन थेट स्विंगआर्म खाते.

आणखी एक बारकावा आहे. चेनच्या कड्या नेहमी सम असतात. पुढे १३ म्हणजे विषम दात असले, तर प्रत्येक दात आळीपाळीनं सगळ्या कड्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते. १२ ला तसं होत नाही, ठरावीक दात ठरावीक कड्यांवरच बसत राहतात. नवीन १२ जुन्या ताणलेल्या चेनवर चढवणं तर पैसे पाण्यात. मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटानं मागे ओढून बघा. ती उचलली जाऊन अर्धा दात उघडा पडत असेल, तर पूर्ण चेनकिटच (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) घ्या.

बसवणं सोपं आहे. एक दात कमी केल्यावर चाक जेमतेम तीन मिलिमीटर मागे ओढावं लागतं, चेन तीच चालते. मागे चार दात वाढवले असते, तर चाक अर्धा इंच पुढे घ्यावं लागलं असतं, आणि तेवढी जागा नसेल तर लांब चेन आली. बोल्ट सैल करताना गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कुणाला तरी दाबायला लावा, आणि सैल करण्याचं काम चेन चढलेली असतानाच उरका.

दर आठवड्याला पुण्याला जाणाऱ्यानं १२ च्या नादाला लागू नये. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा आणि शेत एवढंच ज्याचं जग आहे त्यानं बिनधास्त टाकावं. मी स्वतः हे चेनकिट संपलं की १३/४२ घेणार आहे. आकडा ३.२३, म्हणजे कंपनीपेक्षा पाच टक्के जास्त. पुढे १३ राहिल्यानं पट्टीही वाचेल. १२ चं स्प्रॉकेट तेल लावून डब्यात ठेवीन, जूनमध्ये लागलंच तर अर्ध्या तासाचं काम आहे.