डीन व्हिलेज की न्यू लॅनार्क?

एडिनबराच्या मुक्कामात नदीकाठचे एखादे जुने गिरण्यांचे गाव पाहण्याची इच्छा असेल, तर निवड बहुधा या दोहोंमध्येच करावी लागते. दोन्ही गावे पाण्याच्या जोरावर वसली. पण पहिल्यात शतकानुशतके धान्य दळले गेले, तर दुसऱ्यात कापसाचे सूत निघाले.

डीन व्हिलेज शहराच्या पोटातच, वॉटर ऑफ लीथ नदीच्या खोल घळीत आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पश्चिम टोकापासून पायी पंधरा-वीस मिनिटांत तिथे पोहोचता येते आणि तिकीट लागत नाही. भरभराटीच्या काळात येथे अकरा पाणचक्क्या होत्या. अभियंता थॉमस टेलफर्ड यांनी बांधलेल्या सुमारे 32 मीटर उंच डीन ब्रिजवरून 1830च्या दशकात वाहतूक सुरू झाली आणि हमरस्ता गावाच्या डोक्यावरून गेला. पुढे लीथ बंदराजवळच्या मोठ्या गिरण्यांपुढे या पाणचक्क्यांचा निभाव लागला नाही. आज दळण कुठेच दिसत नाही, हे आधीच जाणून असावे. मात्र बेल्स ब्रेच्या उतारावर भटारखानेवाल्यांच्या संघाची 1675ची इमारत आहे. तिच्या दगडी पाटीवर भट्टीत पाव सरकवण्याची लांब दांड्याची फावडी एकमेकांवर तिरकी कोरलेली असून त्यांवर पावही दाखवले आहेत. गिरणीवाला आणि पाववाला यांचे नाते सांगायला एवढी पाटी पुरेशी आहे. ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्राचे मालक जॉन रिची फिंडले यांनी 1880च्या दशकात कामगारांसाठी बांधलेले वेल कोर्टही पाहण्याजोगे आहे. मध्ये चौक, भोवती बिऱ्हाडे आणि सोबत सभागृह अशी ही रचना परळ-लालबागच्या चाळी पाहिलेल्यांना चटकन ओळखीची वाटेल. ते फिंडले यांच्या घराच्या मागच्या खिडक्यांतून दिसत असे, तेव्हा परोपकारात थोडा स्वार्थही असावा.

न्यू लॅनार्कचा पल्ला मोठा आहे. लॅनार्कला थेट रेल्वे ग्लासगोहून जाते आणि स्थानकापासून गाव आणखी दोनेक किलोमीटर अंतरावर आहे, त्यामुळे अख्खा दिवस राखून ठेवावा लागतो. या गिरण्या डेव्हिड डेल यांनी 1780च्या दशकात उभारल्या. 1800पासून त्यांचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट ओवेन यांनी तेथे कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे बंद केले. गिरण्या 1968पर्यंत चालल्या. 2001 साली गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. येथे संग्रहालय आहे आणि कताईचे यंत्र प्रत्यक्ष चालताना पाहायला मिळते.

मुलांना पाण्यावर गिरणी कशी चालत असे हे दाखवायचे असेल, तर माझे मत निःसंशय न्यू लॅनार्कच्या बाजूने आहे. हाताशी दोन-तीन तासच असतील तर डीन व्हिलेज निवडावे, पण तिथेच फोटो काढून परतू नये. नदीकाठच्या पायवाटेने सेंट बर्नार्ड्स वेल या झऱ्यावरच्या 1789च्या वास्तूवरून स्टॉकब्रिज या वस्तीपर्यंत चालत जावे. वेल कोर्टमध्ये आजही लोक राहतात, त्यामुळे त्याच्या चौकात न शिरता ते समोरच्या पादचारी पुलावरूनच पाहावे.