फ्लॅट तुमचा, जमिनीतला हिस्सा मात्र बिल्डरच्या खिशात

पुण्यात 'अपार्टमेंट' योजनांमध्ये वारंवार दिसणारी फसवणूक कागदावरची आहे, म्हणून ती वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की डोळे उघडतात.

१९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यात सोसायटीसारखी जमीन संस्थेच्या नावावर होत नाही. प्रत्येक जण आपल्या फ्लॅटचा मालक, आणि जमीन, जिना, लिफ्ट, गच्ची यांत त्याचा टक्केवारीने अविभक्त हिस्सा. ही टक्केवारी डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणणाऱ्या घोषणापत्रात ठरते. तो दस्त जमीनमालक आणि बिल्डर नोंदवतात. ग्राहकाची त्यावर सही लागत नाही. गोम इथेच आहे.

समजा, ४० सारखे फ्लॅट आहेत. प्रत्येकी २.५ टक्के यायला हवेत. डिक्लरेशनच्या परिशिष्टात २.१ लिहिलेले असतात. बेरीज भरते ८४. उरलेले १६ टक्के 'भावी बांधकामासाठी राखीव'. पुढे टीडीआर (दुसरीकडचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) आणून मजले चढवायचे ते याच जोरावर. गच्चीपुढे 'मर्यादित सामाईक जागा', म्हणजे ठरावीक फ्लॅटधारकांनाच वापरता येणारी जागा, असं लिहिलं असेल तर ती कोणत्या फ्लॅटला दिली आहे तेही वाचा. एकदा नोंदवलेली टक्केवारी बदलायला सगळ्या अपार्टमेंटधारकांची संमती लागते. बिल्डरने एखादा फ्लॅट स्वतःकडे ठेवला असेल, तर त्याचीसुद्धा.

दुसरा घोळ डीड ऑफ अपार्टमेंटचा. करारनामा नोंदला, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) हातात आला, बँकेने कर्ज दिलं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण फ्लॅट आणि हिस्सा नावावर होतो तो डीड ऑफ अपार्टमेंटने. तो लांबवत ठेवतात आणि मग 'डीडचा खर्च' म्हणून मोठी रक्कम मागतात. हे सरळ लुबाडणं आहे. करारनाम्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असेल, तर डीडवर ते नाममात्रच लागतं.

टोकन देण्याआधी डिक्लरेशनचा दस्त क्रमांक मागा आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत स्वतः काढा. बिल्डरने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. परिशिष्टातल्या सगळ्या फ्लॅट-दुकानांची टक्केवारी कॅल्क्युलेटरवर मांडा. बेरीज १०० आलीच पाहिजे. डिक्लरेशन अजून नोंदलंच नसेल, तर त्याचा मसुदा, तुमची टक्केवारी आणि डीड करून देण्याची मुदत करारनाम्यातच घालून घ्या.

ताबा घेऊन बसलात आणि डीड होत नसेल, तर मोफा म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याच्या कलम ११ खाली अपार्टमेंटधारकांच्या असोसिएशनला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी मालकी नावावर करून मिळण्यासाठी, अर्ज करता येतो.